हिवाळ्यातले निकाह, उघडे मैदान आणि फोटोग्राफरची रोजी

लग्नाचा बस्ता फाडायला घरची मंडळी दुकानात आली की थान उलगडण्याआधी आम्ही दोन प्रश्न विचारतो. तारीख कोणती? आणि निकाह हॉलमध्ये आहे की मैदानात? थंडीच्या दिवसांत मखमल आणि ब्रोकेड शोभते, उन्हाळ्यात तेच कापड अंगावर ओझे होते, म्हणून हे विचारावे लागते. अलीकडे आम्ही तिसरा प्रश्नही विचारू लागलो आहोत. फोटोग्राफर कोण आहे, आणि त्याला निकाहची वेळ नीट सांगितली आहे काय? कापडवाल्याने फोटोची चौकशी कशाला करावी, असे काहींना वाटते. त्यामागे आमच्या घरचाच एक तजुर्बा आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात आमच्या पुतणीचा निकाह बुलढाण्याजवळच्या एका गावी उघड्या मैदानात शामियाना टाकून झाला. वेळ मगरिबनंतरची ठरली होती. फोटोचे काम आमच्याच शिफारशीवरून एका तरुणाला दिले होते. त्याचे वडील आमच्या दुकानाचे शिवणकाम करतात. मुलगा हुनरी, मेहनती, कॅमेराही चांगल्यापैकी. तो खामगावहून बोथ्याच्या घाटाने मोटारसायकलवर आला. कॅमेऱ्याची बॅग सर्व वाटभर थंड वाऱ्यात पाठीवर होती. तो उतरताच आम्हीच त्याला जेवणाच्या शामियान्यात नेले आणि आधी मेहमानांचे फोटो घे म्हणून सांगितले. तेथे डेगांची वाफ आणि शेकडो माणसांची दाटी. कॅमेरा बाहेर काढताच काचेवर धुके धरले. त्याने रुमालाने पुसले, पुन्हा धुके. तेवढ्यात काझी साहेबांनी खुतबा सुरू केला. तो धावत गेला, तर फ्लॅश एकदा चमकून दुसऱ्यांदा चमकायला वेळ लावू लागला.

इजाब-कुबूल आणि दस्तखतांचे जे फोटो हाती आले ते दूध सांडलेल्या काचेतून पाहावेत तसे. आमचे थोरले बंधू, म्हणजे नवरीचे वडील, गवाहांच्या शेजारी बसून डोळे पुसत होते. फोटोत त्यांच्या जागी केवळ पांढरट डाग दिसतो. सहा महिन्यांनी बंधू अल्लाहला प्यारे झाले. मुलीच्या निकाहच्या वेळचा त्यांचा तेवढाच फोटो घरात आहे.

त्या तरुणाचे उरलेले पैसे देऊ नयेत असे घरातील काहींचे म्हणणे पडले. आम्ही शांतपणे विचार केला तेव्हा दिसून आले की निम्मा दोष आमचाच होता. काळोख पडल्यानंतरची वेळ आम्ही ठेवली, दिव्यांची चौकशी आम्ही केली नाही, आणि थंडगार बॅगेसह त्याला वाफेत नेणारेही आम्हीच. पैसे पूर्ण दिले. मात्र त्यानंतर त्या मुलाला बरोबर घेऊन, जाणकारांना विचारून, थंडीत फोटोचे काम कोठे बिघडते हे आम्ही समजून घेतले. आमच्या समाजातील कित्येक तरुण आज या धंद्यात आहेत आणि कित्येक घरे या कामावर पैसा खर्च करतात. दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून ते येथे मांडत आहोत.

आपल्याकडची थंडी कशी आहे

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेले आहे. राजूरचा घाट उतरून मोताळा-मलकापूरकडे गेले, की बोथ्याचा घाट उतरून खामगावकडे गेले, की आपण पूर्णेच्या खोऱ्यात बरेच खाली येतो. म्हणून एकाच जिल्ह्यात, एकाच संध्याकाळी, घाटावर आणि घाटाखाली हवा निराळी असते. डिसेंबर-जानेवारीत घाटावर पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, थंडीची लाट आली तर त्याच्याही खाली.

ही थंडी काश्मीरची नव्हे. कॅमेरे बनविणाऱ्या कंपन्या साधारणपणे शून्य ते चाळीस अंशांपर्यंत कॅमेरा चालेल असे सांगतात. तेव्हा आपल्या थंडीने कॅमेरा बंद पडत नाही. काम बिघडते ते दव, वाफ, लवकर मावळणारा दिवस आणि गारठलेली बोटे यांच्यामुळे. यांपैकी एकही गोष्ट महागड्या कॅमेऱ्याने सुटत नाही. ती तयारीने सुटते.

काचेवरचे धुके

कापसाच्या आणि कापडाच्या धंद्यातील माणसाला हवेतील ओलाव्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. कापूस हवेतील पाणी शोषतो आणि सोडतो. व्यापारात कोरड्या कापसाच्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा रीतसर धरला जातो. तोच ओलावा थंड काचेवर थेंबांच्या रूपाने बसतो.

गरम हवेत पाण्याची वाफ जास्त मावते, थंड हवेत कमी. गरम आणि दमट हवा थंड वस्तूला लागली की त्या जागी ती हवा गार होते आणि न मावणारे पाणी बाहेर पडते. उदाहरणार्थ, शामियान्यात २४ अंश उष्णता आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण १६ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरेल. मोटारसायकलवरून आलेला कॅमेरा दहा-बारा अंशांचा असतो. मग धुके धरणारच. ते बाहेरच्या काचेवर असेल तर दिसते. लेन्सच्या आत धरले तर पुसताही येत नाही, आणि वारंवार झाले तर आत बुरशी धरण्याचा धोका राहतो.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. थंडीतून गरम जागी जाण्यापूर्वी, बाहेरच असताना, कॅमेरा आणि लेन्स प्लास्टिकच्या घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावी. आमच्या दुकानात भारी साड्यांसाठी साखळीची जी पारदर्शक पिशवी येते ती या कामाला उत्तम. आत गेल्यावर दव पिशवीवर धरते, कॅमेऱ्यावर नाही. अर्धा तास, जड लेन्स असेल तर पाऊण तास थांबावे आणि मगच पिशवी उघडावी. धुके धरलेच तर रुमालाने घासू नये, लेन्स काढून आतला भाग हवेला उघडा करू नये, डेगेजवळ किंवा शेगडीजवळ धरून तापवू नये. आपोआप सुकू द्यावे.

याचा सरळ अर्थ असा की फोटोग्राफरने निकाहच्या किमान एक तास आधी पोहोचले पाहिजे आणि यजमानाने त्याला तशी वेळ दिली पाहिजे. दोन कॅमेरे असतील तर एक बाहेरसाठी आणि एक आतसाठी ठेवला की आत-बाहेर नेण्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसरे दव आकाशाखालचे. निरभ्र रात्री उघडी जमीन, गवत, खुर्च्या, ट्रायपॉडवर लावून ठेवलेला कॅमेरा, सर्व आपली उष्णता आकाशाकडे टाकतात आणि हवेपेक्षाही गार होतात. म्हणून पहाटे गवत ओले असते, पण झाडाखालची जमीन बहुधा कोरडी सापडते. शामियान्याचे कापड झाडाचेच काम करते. रात्रीच्या कार्यक्रमात व्हिडिओचा कॅमेरा छताखाली ठेवावा. तशी सोय नसेल तर त्यावर सुती कापड टाकावे आणि काम असेल तेव्हाच काढावे.

बॅटरी आणि बोटे

बॅटरीत वीज साठवलेली नसते, ती आतील रासायनिक क्रियेतून तयार होते. थंडीत ही क्रिया मंदावते. बॅटरी रिकामी झालेली नसते, पण मागणीएवढी वीज देऊ शकत नाही आणि कॅमेरा ती संपली असे दाखवितो. तीच बॅटरी खिशात घालून पंधरा-वीस मिनिटे ऊब दिली तर पुष्कळदा पुन्हा चालते. म्हणून जादा बॅटऱ्या बॅगेत ठेवू नयेत, सदऱ्याच्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवाव्यात. नाणी आणि किल्ल्या त्याच खिशात नसाव्यात.

फ्लॅशला एकदम पुष्कळ वीज लागते, त्यामुळे थंडीचा फटका त्याला आधी बसतो. बाजारात मिळणारे साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर दम टाकतात. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल या कामात पुष्कळ बरे. त्या दिवशी आमच्याकडील तरुणाने घाटाखालच्या दुकानातून साधे सेल घेतले होते. चार पैसे वाचले आणि निकाह गेला.

गारठलेल्या बोटांनी बटण चुकते, मेमरी कार्ड हातून पडते. बोटांची टोके उघडी ठेवणारे लोकरीचे हातमोजे घ्यावेत किंवा साध्या मोज्यांची टोके शिंप्याकडून कापून शिवून घ्यावीत. येथे आमच्या कारागीर बांधवांना एक सुचवावेसे वाटते. रजई आणि जॅकेटच्या कामात जाड अस्तराचे तुकडे उरतात. त्यांतून बॅटरीचे कप्पे असलेला कमरपट्टा किंवा कॅमेऱ्याची गादीदार खोळ सहज शिवता येते. त्या तरुणाच्या वडिलांनी अशी खोळ आधी मुलासाठी शिवली. नंतर त्याच्या ओळखीच्या चार फोटोवाल्यांनी मागून घेतली.

दिवस लहान, वेळ मोलाची

सर्वांत मोठी चूक वेळेची होते. डिसेंबरच्या शेवटी बुलढाण्यात सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी पावणेसहा ते सहाच्या दरम्यान मावळतो. असरची नमाज साडेचार-पावणेपाचला झाली तर मगरिबपर्यंत जेमतेम सव्वा तास हाती राहतो, आणि चांगला उजेड त्याहूनही कमी वेळ. त्यात निकाह, मुबारकबादी, खजुरांची वाटणी आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांचे फोटो बसविणे शक्य नाही.

जोहरनंतर, म्हणजे दोनच्या सुमारास निकाह ठेवला तर हिवाळ्यासारखा उजेड दुसऱ्या ऋतूत मिळत नाही. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. डिसेंबरमध्ये भर दुपारीही तो क्षितिजापासून ४६ अंशांच्या आसपासच चढतो. तिरपा आणि मऊ उजेड चेहऱ्यावर येतो, घाम नसतो, माणसे त्रासलेली नसतात. थंडीने फोटोग्राफरला दिलेली ही देणगी आहे. ती मगरिबनंतरच्या वेळेत आपण फुकट घालवितो.

सकाळची वरात निघणार असेल तर पूर्णेच्या काठच्या गावांत धुक्याचा अंदाज घ्यावा. धुक्यात फ्लॅश मारला तर समोरचे पाण्याचे कणच उजळतात आणि माणसे पुसट होतात. अशा वेळी फ्लॅश बंद ठेवून जवळ जावे.

रात्रीचाच कार्यक्रम असेल तर दिव्यांची बोलणी आधी करावी. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची आहे. स्वस्त एलईडी दिवे तिच्याबरोबर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण फोटोत आणि व्हिडिओत आडवे पट्टे येतात. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवले तर हा दोष बहुतेक टळतो. काझी साहेब, नवरदेव, वकील आणि गवाह जेथे बसणार तेथे दोन्ही बाजूंनी पांढरे दिवे मागून घ्यावेत. मंडपवाल्याला हे आयत्या वेळी सांगून होत नाही.

कापड फोटोत कसे दिसते

आता आमच्या धंद्याची गोष्ट. गिऱ्हाईक तक्रार करते की दुकानात घेतला तो मोरपंखी, फोटोत निळा दिसतो. यात कापडवाल्याचा किंवा फोटोवाल्याचा खोटेपणा नसतो. ट्यूबचा उजेड वेगळा, उन्हाचा वेगळा, सावलीचा त्याहून निळसर. म्हणून जाणते गिऱ्हाईक थान दुकानाच्या दाराशी नेऊन पाहते. फोटोग्राफरनेही जागा बदलली की कॅमेऱ्यातील पांढऱ्याचा मेळ नव्याने बसवावा.

शामियान्याचे छत लाल-पिवळे असेल तर दिवसा त्यातून गाळून येणारा उजेड सर्वांचे चेहरे आणि पांढरे कुडते रंगवून टाकतो. निकाहच्या जागेवर छत पांढरे किंवा फिक्या रंगाचे घ्यावे. रात्री त्याच पांढऱ्या छताकडे फ्लॅश वळवला की उजेड पसरून मऊ पडतो. उघड्या आकाशाखाली ही सोय नसते.

कॅमेऱ्याचे मीटर प्रत्येक दृश्याला मध्यम राखाडी समजते. पांढरे कुडते-पायजमे आणि टोप्या यांनी भरलेली सफ समोर असेल तर ते उजेड कमी करते आणि सर्व मळकट दिसते. काळ्या मखमलीची शेरवानी किंवा बुरख्यांचा समूह असेल तर उजेड वाढविते आणि काळे राखाडी होते. पांढऱ्यासाठी एक पायरी वाढवावी, काळ्यासाठी एक पायरी कमी करावी. मखमल उजेड पिते, जरी तो परत फेकते. जरीवर समोरून फ्लॅश मारला तर भरतकाम नाहीसे होऊन पांढरे ठिपके उरतात. उजेड बाजूने आला तर टाका न टाका दिसतो. ज्या कारागिराने त्यावर महिना घालविला त्याचे काम अशाच फोटोतून लोकांना कळते आणि पुढची ऑर्डर येते.

बारीक चौकडी किंवा रेघांचे कापड डिजिटल कॅमेऱ्यात पाण्यासारखे लहरताना दिसते. फोटोवाले त्याला मॉरे म्हणतात. हा शब्द लहरीदार रेशमाच्या नावावरून आला, आणि त्याचे मूळ जाणकार अरबी 'मुखय्यर' या कापडाच्या नावापर्यंत नेतात. मुखय्यर म्हणजे निवडलेले. शब्द आमच्याच पेढीचा निघाला! नवरदेवाच्या वडिलांनी बारीक चौकडीचे जॅकेट घेऊ नये, हा सल्ला आम्ही बस्ता फाडतानाच देतो.

जनानखान्याचे काम

पुष्कळ घरांत स्त्रियांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही. मग तेथील फोटो कोणाच्या तरी मोबाइलवर निघतात आणि कोठच्या कोठे पोहोचतात. कॅमेरा शिकलेल्या मुलींना येथे इज्जतीचा रोजगार आहे. आज कित्येक घरे अशी मुलगी शोधतात आणि ती मिळत नाही. थंडीतले नियम त्यांनाही तेच. उलट बंद शामियान्यात वाफ जास्त, म्हणून पिशवीचा उपाय तेथे अधिक जरुरीचा.

काढलेले फोटो ही घरची अमानत आहे. विचारल्याशिवाय ते आपल्या जाहिरातीसाठी वापरू नयेत. ज्याच्याविषयी या बाबतीत भरवसा निर्माण झाला, त्याला जाहिरातीची गरज उरत नाही.

बोली कागदावर असावी

बयाणा घेताना-देताना पाच गोष्टी एका कागदावर लिहाव्यात: पोहोचण्याची वेळ, निकाहची वेळ, दिव्यांची जबाबदारी कोणाची, फोटो किती दिवसांत मिळणार, आणि काम बिघडले तर पैशांचे काय. त्याच रात्री सर्व फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावेत आणि तोपर्यंत मेमरी कार्ड पुसू नये. ज्या कॅमेऱ्यात दोन कार्डे बसतात त्यात दोन्हींवर फोटो जाऊ द्यावेत. रोलच्या जमान्यात छत्तीस फोटो धुऊन येईपर्यंत काय निघाले हे कळत नसे. आता दोन फोटो काढताच पडद्यावर मोठे करून पाहता येते. खुतब्यापूर्वी ते पाहिले असते तर आमच्याकडील धुके वेळीच कळले असते.

पुढील वर्षांचा हिशेब

हिवाळा हा आपल्याकडे निकाहचा सोयीचा काळ आहे. कापूस आणि सोयाबीनचा पैसा हाती येतो. शिवाय डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत हिंदू बांधवांकडे लग्नाचे मुहूर्त सहसा नसतात, त्यामुळे हॉल, मंडपवाले आणि फोटोग्राफर मोकळे सापडतात. पण हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. २०२६ चा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धातला. २०२८ मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस, आणि २०३० मध्ये जानेवारीच्या सुरुवातीला एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा येईल. चांद दिसण्यावर एक-दोन दिवस मागे-पुढे. म्हणजे येत्या काही वर्षांत हिवाळ्याचा हंगाम तुटक होणार. तारखा रमजानच्या आधी आणि ईदनंतर दाटीने येतील. कापडवाल्यांनी माल, शिंप्यांनी हात आणि फोटोग्राफरांनी तारखा त्या हिशेबाने धराव्यात. दाटीच्या दिवसांत एका दिवशी दोन कामे घेण्याचा मोह होतो. घाटावरचे एक आणि घाटाखालचे एक, असे घेतले की पिशवीतला अर्धा तास सर्वांत आधी गळतो.

तो तरुण आता स्वतंत्र धंदा करतो. हिवाळ्यात काम घेतले की आधी येऊन आमच्याकडून साड्यांच्या पिशव्या घेऊन जातो. पैसे देऊ करतो, आम्ही घेत नाही. गेल्या थंडीत आमच्या धाकट्या पुतणीचा निकाह जोहरनंतर झाला. फोटो त्यानेच काढले. थोरल्या बंधूंची जागा रिकामी होती, पण त्यांच्या बाजूला बसणारी सर्व माणसे फोटोत स्वच्छ ओळखू येतात. कापड फाटले तर बदलून देता येते. निकाहची घडी बदलून देता येत नाही. हे ज्याने ध्यानात ठेवले त्याच्या रोजीत, इन्शाअल्लाह, बरकत होईल.